मनोरुग्णाचे बंधन आणि परिचारिकेचा विवेक : मानसिक आरोग्य सेवा अधिनियमातील कलम ९७ ची चिकित्सा (डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात)

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. मनोरुग्णास बांधून ठेवण्याविषयीची तरतूद त्याच्या कलम ९७ मध्ये आहे. हे कलम स्वागतार्ह आहे याविषयी दुमत नसावे. तथापि डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांच्या संदर्भात ते वाचू लागले असता त्यात एका व्यक्तीची अनुपस्थिती जाणवते. ती व्यक्ती म्हणजे परिचारिका. प्रस्तुत लेखात या अनुपस्थितीची चिकित्सा करावयाची आहे.

१९८७ च्या कायद्यात मनोरुग्णास अप्रतिष्ठेची वा क्रूर वागणूक देऊ नये, असा सर्वसाधारण निषेध होता. २०१७ चा कायदा त्याच्या पुष्कळ पुढे जातो. रुग्णाला एकांतात कोंडून ठेवण्यास तो पूर्ण मनाई करतो. साखळीने बांधणे तर कलम ९५ अन्वये कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळदंडांमुळे पळता न आलेले २५ हून अधिक मनोरुग्ण मृत्युमुखी पडले, हे येथे विसरता येत नाही. शारीरिक बंधन मात्र दोन अटींवर अनुज्ञेय आहे. रुग्णाला वा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा तो एकमेव उपलब्ध मार्ग असावा, आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची त्यास मान्यता असावी. बंधनाची माहिती नामनिर्देशित प्रतिनिधीस २४ तासांच्या आत द्यावयाची असते, तसेच प्रत्येक प्रसंगाचा मासिक अहवाल मंडळाकडे पाठवावयाचा असतो. (औषधाने आणलेल्या गुंगीविषयी कलम काहीच बोलत नाही. दोर सुटला आणि सुई टोचली, तर बंधन संपले असे मानावयाचे काय?)

यातील ‘एकमेव उपलब्ध मार्ग’ हे शब्द विचारात घेण्याजोगे आहेत. बंधनाहून सौम्य मार्ग कोणता? खवळलेल्या माणसाजवळ जाऊन त्याच्याशी शांतपणे बोलणे, हा पहिला. परंतु बोलावयाचे कोणत्या भाषेत? या तालुक्यांतील वारली, कोकणा, धोडी, काटकरी रुग्ण भयाने ग्रासलेला असता प्रमाण मराठीत बोलेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. बदली होऊन आलेल्या परिचारिकेस वारली बोली अवगत नसेल, तर रुग्णाचे ‘मला पाणी हवे’ हे सांगणेही तिला आरडाओरडाच वाटण्याचा संभव आहे. म्हणजे सौम्य मार्ग अस्तित्वात असतो, पण उपलब्ध नसतो. भाषेच्या अभावी बांधलेल्या या रुग्णाविषयी ‘अन्य मार्ग नव्हता’ अशी नोंद झाली, तर ती कायद्याच्या दृष्टीने बिनचूक ठरेल. नैतिक दृष्टीने ती अपुरी आहे.

दुसरी अट मान्यतेची. शासकीय सर्वसाधारण रुग्णालयेही या कायद्याच्या व्याख्येत येतात. परंतु या भागाला जवळचे शासकीय मनोरुग्णालय ठाण्यास, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. मान्यता समक्ष हवी की दूरध्वनीवरून चालेल, याबाबत कलम मौन बाळगते. तत्पूर्वीच रुग्ण घरच्या कासऱ्याने किंवा ओढणीने बांधलेल्या अवस्थेत जीपमधून आणला जातो. आमच्या वर्गात पाड्यांवरून येणारे विद्यार्थी असा प्रसंग सांगताना ‘दवाखान्यात नेला’ असे म्हणत नाहीत, ‘बांधून नेला’ म्हणतात. त्या गाठी प्रथम पाहते ती परिचारिका. त्या सोडावयाच्या, तशाच ठेवावयाच्या की पट्टीने नव्याने बांधावयाच्या, हा निर्णय प्रत्यक्षात तिच्याच हाती पडतो. आणि कलम ९७ मध्ये परिचारिका हा शब्दच नाही.

या प्रदेशात माणसाला बांधण्यास एक इतिहास आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराकडे बांधला गेलेला लग्नगडी आणि वेठ यांविरुद्ध येथील वारली १९४५ मध्ये उठले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ते नोंदवून ठेवले आहे. त्यांच्या वंशजाला सरकारी इमारतीत पलंगाशी बांधले जाते, तेव्हा ती कृती निव्वळ वैद्यकीय राहत नाही.

मनोरुग्णांच्या मुक्तीचे श्रेय जगभर फिलिप पिनेल या वैद्यास दिले जाते. वस्तुतः पॅरिसनजीकच्या बिसेत्र येथे १७९७ मध्ये साखळ्या काढल्या त्या झाँ-बातिस्त प्युसँ याने. तो वैद्य नव्हता. पूर्वी त्याच संस्थेत रुग्ण म्हणून राहिलेला व पुढे तेथेच रुग्णांची देखभाल पाहणारा तो सेवक होता. पिनेलने नंतर त्याचाच कित्ता गिरवला. रुग्णापाशी रात्रंदिवस असणाऱ्यालाच दोर केव्हा अनावश्यक झाला हे प्रथम कळते. बांधलेल्याची बोटे गार पडली का, निळी होत आहेत का, त्याला पाणी मिळाले का, लघवीस जावयाचे आहे का, एकेक हात पाळीपाळीने मोकळा करता येईल का, हे पाहणे हीच बंधनातील नीती होय. कलम तिला ‘वैद्यकीय कर्मचाऱ्यांची नियमित देखरेख’ असे मोघम नाव देते.

कलमातील सर्वांत धीट वाक्य मात्र वेगळेच आहे : केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बंधन वापरता येणार नाही. रात्रपाळीस एकटी असलेली परिचारिका एका बाजूस प्रसूतीची बाई आणि दुसऱ्या बाजूस खवळलेला रुग्ण सांभाळत असेल, तर हे वाक्य तिला दोषी ठरवते. तिला एकटे ठेवणाऱ्या व्यवस्थेस ते स्पर्शही करीत नाही. केसपेपरवर बंधनाची पद्धत, स्वरूप, कारण व कालावधी नोंदवणे बंधनकारक आहे. त्या वेळी कामावर किती माणसे होती आणि रुग्णाची बोली जाणणारे त्यांत कोणी होते का, हे कोठेही लिहावे लागत नाही. परिणामी मंडळाकडे जाणाऱ्या मासिक अहवालात किती जणांना बांधले हे कळते. मनुष्यबळाअभावी किती जण बांधले गेले, हे कळत नाही. हे दोन रकाने वाढविण्यास कायदादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. रुग्णालयाच्या स्तरावर ते आजही छापून घेता येतील, आणि ते परिचारिकेने स्वतःच्या स्वाक्षरीने भरावेत.