पान उलटलं आणि खुणा गेल्या

समजा, रेवस बंदरातल्या एका मच्छीमार संस्थेत डिझेल कोट्याची यादी करायची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ऑगस्टच्या तोंडावर घाई आलीच. यादीत ६० होड्या, एका पानावर २०. कारकुनाने सात होड्यांपुढे खूण केली, पुढचं पान बघून मागे आला, तर खुणा गायब! आणि वर आपणच त्याला विचारतो, "सेव्ह केलं नव्हतं का?"

माझ्या मते दोष सॉफ्टवेअरचा आहे. २००५ साली एएसपी डॉट नेट २.० सोबत आलेला ग्रिडव्ह्यू बघा. पान बदललं की तो ओळी नव्याने भरतो. फक्त पडद्यावर असलेली खूण पुसली जाते. पान उलटणं म्हणजे त्याच्या लेखी नुसतं वाचन. कारकुनासाठी मात्र काम अजून चालूच असतं.

यावर दोन उपाय सर्रास दिसतात. पहिला, पान उलटताच सेव्ह करणं. यात कच्चा विचार थेट पक्क्या नोंदीत जातो. दुसरा, ओळीचा क्रमांक लक्षात ठेवणं. मध्येच नवी होडी यादीत शिरली की ओळी सरकतात आणि कोटा भलत्याच होडीला! हे जास्त वाईट, कारण चूक कळतच नाही.

त्यापेक्षा प्रत्येक बदल होडीच्या नोंदणी क्रमांकाशी बांधून कच्चा ठेवावा, "७ बदल बाकी" असं सतत दिसावं आणि शेवटी सगळे एकदम पक्के करावेत. पक्कं करताना तीच नोंद दरम्यान दुसऱ्या कुणी बदललीय का, तेही तपासावं. कागदी वहीचं पान उलटलं म्हणून शाई उडत नाही. सॉफ्टवेअरने निदान तेवढं तरी पाळावं.