पद्यातला नोकर आणि खिडकीतले कार्ड

ब्रिटनमधील जुने वाडे, बागा आणि किनारे सांभाळणारा ‘नॅशनल ट्रस्ट’ हा धर्मादाय न्यास १८९५ साली स्थापन झाला. आपल्या ताब्यातील ९३ ठिकाणांचा गुलामगिरीशी आणि वसाहतींशी संबंध असल्याचे त्याने सप्टेंबर २०२० च्या अहवालात नोंदवले. त्यावर तिथले काही खासदार आणि वृत्तपत्रे खवळली. मार्च २०२१ मध्ये धर्मादाय आयोगाने न्यासाला निर्दोष ठरवले. पैसा कुठून आला हे लिहिले गेले, हे चांगलेच झाले. पण माझा प्रश्न वेगळा आहे: या वाड्यांत बोलते कोण?

वेल्समधला एर्दिगचा वाडा १९७३ साली न्यासाकडे आला. नोकरांच्या चित्रांसाठी त्याचे फार कौतुक होते. सुतार, मोलकरीण, शिकारीचे रान राखणारा, अशांची चित्रे मालकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस काढून घेतली. ज्या काळात चित्र फक्त धन्याचे निघे, त्या काळात हे थोडे नव्हे. पण चित्रावरचे पद्य वाचावे. ते मालकाने रचलेले आहे. नोकराची निष्ठा आणि नोकराचा विक्षिप्तपणा, दोन्ही मालकाच्या यमकात! तिथेच हाती शिंग घेतलेल्या एका काळ्या मुलाचे चित्र आहे. याच्याविषयी आपल्याला फारशी माहिती नाही, असे मालक त्याच्यावरच्या पद्यातच सांगून टाकतो. माणूस हरवला, यमक तेवढे जुळले. याला मी नोकरांचा इतिहास म्हणणार नाही. मालकाच्या औदार्याचा तो आणखी एक दस्तऐवज आहे.

आता वेल्समधलाच पेन्रिनचा किल्ला पाहा. जमैकातले गुलामांचे ऊसमळे आणि शेजारच्या बेथेस्डाची पाटीच्या दगडाची खाण, यांच्या पैशावर तो एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. राणी व्हिक्टोरियासाठी त्याच दगडाचा घडवलेला, सुमारे टनभर वजनाचा पलंग आत आहे. लोक त्याच्यापुढे थबकतात. त्या खाणीत नोव्हेंबर १९०० ते नोव्हेंबर १९०३ असा तीन वर्षे संप चालला. सुमारे २,८०० कामगार बाहेर पडले होते. संपकऱ्यांच्या खिडक्यांत वेल्श भाषेतली छापील कार्डे लागली: या घरात गद्दार नाही. हे वाक्य कोणा धन्याने रचून दिलेले नव्हते. एर्दिगच्या साऱ्या पद्यांपेक्षा मला ते मोठे वाटते, आणि त्याची जागा त्या पलंगाच्या उशाशी आहे असे माझे म्हणणे आहे.

बेथेस्डातल्या काही घराण्यांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या किल्ल्याची पायरी चढली नाही.