म्युझिक हॉलचा ऱ्हास : एलियटच्या मीमांसेचा फेरविचार

इंग्लंडातील म्युझिक हॉल या विविधरंजनाच्या रंगभूमीविषयी लिहिताना टी. एस्. एलियटच्या निबंधाचा आधार घेण्याचा प्रघातच पडला आहे. मारी लॉइड ही गायिका १९२२ साली निवर्तली, तेव्हा एलियटने प्रतिपादिले की, म्युझिक हॉलमध्ये पालुपदात सूर मिसळणारा श्रमिक स्वतःच प्रयोगाचा घटक असतो. चित्रपटगृहात मात्र त्याचे मन निष्क्रिय होते. निरीक्षण मार्मिक आहे. परंतु त्यामुळे ऱ्हासाचे खापर प्रामुख्याने चित्रपटावर फुटते, आणि कालक्रम या निष्कर्षाला साथ देत नाही.

मुळात ही कला जन्मली मद्यालयात. १८४३ च्या नाट्यगृहविषयक कायद्यानंतर, जेथे प्रेक्षागारात मद्य तेथे नाटक नाही, असा दंडक पडला. चार्ल्स मॉर्टनने १८५२ मध्ये लँबेथ येथे आपल्या मद्यालयाला जोडून कँटरबरी हॉल उघडला, तो या व्यवस्थेत. प्रेक्षक मेजांभोवती बसून खात-पीत. अध्यक्ष हातोडी आपटून पुढील कलावंताची ललकारी देई, गलबला आवरी. गाणे पसंत न पडल्यास गायकाची धडगत नसे. (आपल्या तमाशाच्या अभ्यासकाला हे चित्र अगदीच परके वाटू नये.) ज्या सहकार्याची एलियट वाखाणणी करतो, ते या बैठकीचे फळ होय.

ही बैठक चित्रपटाने मोडली नाही. ती मालकांनी मोडली. शतकाच्या अखेरीस मॉस व स्टोल यांच्या नाट्यगृहांच्या साखळ्या उभ्या राहिल्या. मेजे गेली, खुर्च्यांच्या रांगा आल्या, अध्यक्ष अनावश्यक ठरला. रात्री दोन-दोन खेळ होऊ लागताच प्रत्येकाची मिनिटे मोजली जाऊ लागली. अशा वेळापत्रकात वन्समोअरला कितीसा अवकाश राहणार, हे संगीत नाटकाच्या रसिकाला सांगावयास नको. १९०७ मध्ये लंडनच्या कलावंतांनी संप केला, तो विनामोबदला वाढीव खेळांसारख्या जाचक अटींविरुद्ध. मारी लॉइड संपकऱ्यांच्या बाजूस होती. १९१२ साली राजासमोर प्रयोग होऊन या कलेला प्रतिष्ठा लाभली, तेव्हा नेमके तिलाच वगळण्यात आले! प्रतिष्ठेची ही किंमत एलियटने हिशेबात धरलेली नाही.

प्रेक्षक पुढेही गात राहिले, हे खरे. एलियटने ऐकले ते तेच. पण चित्रपट १८९६ सालीच अल्हाम्ब्रा व एम्पायर येथे कार्यक्रमातील एक बाब म्हणून दाखल झाला होता. रांगेत बसण्याचे वळण लागलेला प्रेक्षक त्याला आयताच मिळत गेला.

जॉन ऑस्बर्नच्या ‘दि एंटरटेनर’ (१९५७) या नाटकात आर्ची राइस आपल्या नकला थेट समोरच्या प्रेक्षकांना उद्देशून करतो. त्यांना उत्तर देणारे कोणी उरलेले नाही, हे तोही जाणतो.