‘पाणी द्या’चे इंग्रजी

दिवाळी अंकात कथाकवितांची परीक्षणे यावीत, हा रिवाजच आहे. परंतु मराठी घरांत चिकाटीने वाचल्या जाणाऱ्या एका पुस्तकप्रकाराकडे टीकाकार सहसा वळत नाहीत. ‘घरबसल्या इंग्रजी’, ‘रोजच्या बोलण्यातले इंग्रजी’ अशा नावांची ही पातळशी पुस्तके एसटी स्टँडावरच्या दुकानात मासिकांच्या शेजारी टांगलेली असतात. ती विकत घेणारा माणूस बहुधा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेतो. जे पुस्तक वाचताना माणसाला संकोच वाटतो, त्याच्याकडे टीकाकाराने अधिक लक्ष द्यायला हवे असे मला वाटते. म्हणून गेल्या काही महिन्यांत अशी दहाबारा पुस्तके मी ओळीने वाचली.

त्यांचा वाचक कोण? महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. त्यामुळे आजची मुले अडखळत का होईना, पण लहानपणीच त्या भाषेला हात घालतात. त्याआधी शिकलेली आई, दुकान सांभाळणारे काका, परदेशातल्या नातवाशी फोनवर दोन शब्द बोलू पाहणारी आजी, हा या पुस्तकांचा खरा वाचक. दिवसभराची कामे आटोपल्यावर, सगळे झोपल्यावर तो पाठ करायला बसतो. त्याची ही मेहनत वाया जाऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पुस्तक उघडावे तर प्रथम भेटतात याद्या. फळे, भाज्या, पक्षी, शरीराचे अवयव, रोग, खनिजे. पाणघोड्याला इंग्रजीत काय म्हणतात हे तिसऱ्याच पानावर समजते. पण ‘थांबा हं, मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?’ हे वाक्य दीडशे पाने उलटली तरी सापडत नाही. वास्तविक बँकेच्या खिडकीपाशी, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत माणसाला सर्वांआधी लागते ते हेच. पाणघोडा त्या मानाने क्वचितच भेटतो! हल्ली मोबाइलवर शिकवण्या आल्या आहेत. तेथे चित्रे हलतात, शाबासकीची घंटा वाजते; परंतु मी पाहिलेल्या शिकवण्यांत याद्या बहुतेक त्याच होत्या.

जुन्या पिढीला येथे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवेल. आधी शब्द, मग नियम, मग वाक्यांची उलटसुलट भाषांतरे, ही तिची शिस्त. तिला हसण्याची आपल्याकडे चाल आहे, पण मला तिच्याविषयी आदर वाटतो. मराठीचा हात धरून इंग्रजीकडे जाता येते, हा विश्वास तिने पिढ्यानपिढ्या दिला. तिची उणीव एवढीच, की वाक्य कोण बोलतो आणि कोणाला बोलतो, याचा पत्ता लागत नाही. व्याकरणाच्या सरावाला असे निनावी वाक्य चालते. बोलण्याच्या पुस्तकाला मात्र चालत नाही, आणि नव्या पुस्तकांनी तर्खडकरांची शिस्त सोडून नेमकी ही उणीवच तेवढी उचलली आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘पाणी द्या’ या वाक्यासमोर पुस्तकात ‘गिव्ह मी वॉटर’ असे छापलेले असते. शब्दाला शब्द बरोबर, व्याकरणही बिनचूक. तरी भाषांतर चूक आहे. आपल्या ‘द्या’मध्ये आदर आहे. ‘दे’, ‘दे ना’, ‘द्या’, ‘देता का जरा’, ‘द्याल का’ अशा पायऱ्या मराठी माणूस क्रियापदातच चढतो आणि उतरतो. इंग्रजीत क्रियापदाला अशा पायऱ्या नाहीत. एके काळी तिच्यात आपल्या ‘तू’सारखा ‘दाउ’ होता. सतराव्या शतकात तो नेहमीच्या नागर बोलण्यातून मागे पडत गेला आणि राजापासून नोकरापर्यंत सर्वांना एकच ‘यू’ उरला. मग आदर ठेवायचा कोठे? इंग्रजांनी तो ‘प्लीज’मध्ये, ‘कुड’मध्ये, ‘वुड’मध्ये ठेवला. ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ हे खरे ‘पाणी द्या’चे इंग्रजी. पुस्तकावर भरवसा ठेवून ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणणारी बाई मनात अत्यंत नम्र असते. ऐकणाऱ्याला मात्र ती हुकूम सोडते आहे असे वाटते. समोरच्याचा चेहरा का बदलला हे तिला कळत नाही, आणि ती दुसऱ्या वेळी तोंडच उघडत नाही. पुस्तकातल्या एका ओळीची ही किंमत ती भरते.

असे खड्डे जागोजागी आहेत. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ असे कोणी विचारले, तर सौजन्याने ‘येस’ म्हणावेसे वाटते. पण प्रश्न हरकतीचा आहे, म्हणून होकार द्यायचा तो ‘नो’ म्हणून. ‘हाऊ डू यू डू?’ हे दिसायला प्रश्न, परंतु जुन्या इंग्रजी शिष्टाचारात त्याचे उत्तर तेच शब्द परत म्हणणे हे होते. त्यासमोर ‘आपण कसे आहात?’ एवढेच छापून आमचा लेखक पुढे जातो. उलट बाजूनेही तसेच. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. वाटेत भेटल्यावर ‘जेवलात का?’ म्हणतो, तेव्हा ताट वाढायचा बेत असतोच असे नाही. हे शब्दशः इंग्रजीत नेले तर ऐकणारा एक तर आपली वाट पाहत राहील, नाही तर जेवायला येईल.

शब्दांचेही असेच. आपला ‘कडक’ घ्या. कडक चहा, कडक ऊन, कडक शिस्त, कडक झालेला लाडू. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, लाडू ‘हार्ड’. आणि जोराचा पाऊस ‘हेवी’, पण जोराचा वारा पुन्हा ‘स्ट्राँग’. १९२० च्या दशकात लाहोरला अध्यापन केलेले इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी पुढे हेच सांगितले, की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको. परक्या शिकणाऱ्यांसाठी ए. एस. हॉर्न्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. हॉर्न्बी जपानात इंग्रजी शिकवीत होते. शिकणारा कोठे ठेचकाळतो हे त्यांनी वर्गात पाहिलेले होते. आमच्या पुस्तकांत मला हे पाहणेच दिसत नाही.

याहून मोठा दोष वृत्तीचा आहे. या पुस्तकांतला मराठी माणूस सदैव रजा मागतो, क्षमा मागतो, साहेबाच्या दारात उभा राहतो. ‘काइंडली डू द नीडफुल’ ही जुन्या कचेरीतली भाषा त्याला अजून शिष्ट म्हणून शिकवली जाते. तो कधी विनोद करीत नाही, पाहुण्याला चकली घ्यायचा आग्रह करीत नाही, दुकानदाराला ‘हे मला नको’ असे ठामपणे सांगत नाही. शिवाय, त्याला काहीच येत नाही असे धरून चाललेले असते. प्रत्यक्षात शेकडो इंग्रजी शब्द त्याच्या घरात नांदत आहेत. त्यांतल्या काहींनी आपल्याकडे येऊन अर्थ बदलला आहे. आपले शाळेतले ‘गॅदरिंग’, खानावळीतून आणलेले ‘पार्सल’, राहण्याचा ‘ब्लॉक’ ही इंग्रजाला त्या अर्थाने कळणार नाहीत. चांगल्या पुस्तकाचा पहिला धडा येथूनच निघावा: हे तुम्हाला येते, यातले एवढे बाहेर चालेल, एवढे बदलावे लागेल.

असे पुस्तक लिहिणे अवघड नाही, फक्त दोन्ही भाषांवर प्रेम करणारा लेखक हवा. प्रत्येक वाक्याशेजारी त्याने लिहावे, हे कोणी, कोणाला, कोणत्या वेळी म्हणायचे. खनिजे आणि पाणघोडा शेवटच्या पानांवर ढकलावेत. आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापावे, ‘सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड. कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ ज्याला एवढे निर्धास्तपणे म्हणता आले, त्याला पुढचे इंग्रजी समोरची माणसेच शिकवतील. ते पुस्तक मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून नेण्याची गरज पडणार नाही.