प्रमाणपत्र मिळालं, पण संशोधन?

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया होणार म्हटल्यापासून आमच्या हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरींवर व्याख्यानं सुरू झाली. दोन-तीन मीही दिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची मान्यता, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण प्रत्यक्ष शास्त्रज्ञांसोबत काम करायला या पोरांना आणि त्यांच्या शिक्षकांना मिळतं का? सध्या जे मिळतं, त्याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते.

सगळ्यात जास्त चालते ती लघुग्रह शोधमोहीम. ‘इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन’कडून हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा येतात. ॲस्ट्रोमेट्रिका सॉफ्टवेअरमध्ये त्या एकामागोमाग एक दाखवायच्या, सरकणारा ठिपका शोधायचा, अहवाल पाठवायचा. डेटा खरा आहे, यात वाद नाही. मागे एका शाळेत मी पोरांसोबत बसले होते. आठवीतल्या मुलीनं विचारलं, “ताई, हा ठिपका पुढं कुठं गेला ते आपल्याला कोण सांगणार?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती नोंद प्राथमिक असते. तो ठिपका पुन्हा दिसायला हवा, कक्षा ठरायला हवी, आणि क्रमांक मिळेपर्यंत वर्षं जातात. आपल्याकडं मात्र पहिल्या पायरीलाच ‘विद्यार्थ्यानं लघुग्रह शोधला’ अशी बातमी होते. प्रमाणपत्राचा फोटो ग्रुपवर पडला की मोहीम संपली. शिक्षकाच्या वाट्याला काय? लॉगिन सांभाळणं.

त्या मानानं ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ मला जास्त प्रामाणिक वाटतो. २०१६ पासून झूनिव्हर्सवर चालू आहे. लायगोला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान हालचाल टिपायची असते, त्यामुळं बारीकसारीक गडबड सिग्नलमध्ये घुसते. तिला ग्लिच म्हणतात. स्वयंसेवक तिची चित्रं बघून ‘ब्लिप’, ‘व्हिसल’, ‘कोई फिश’ असे प्रकार ओळखतात. यंत्र त्या वर्गीकरणावरून शिकतं, आणि कशातच न बसणारी चित्रं माणसं वेगळी काढतात. ‘पेअर्ड डव्ह्ज’ आणि ‘हेलिक्स’ हे प्रकार असेच स्वयंसेवकांच्या नजरेतून सापडले. म्हणजे इथं “हे मला कळत नाही” म्हणणं हेसुद्धा काम आहे. पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी आठवडाभर तरी करून बघा. माझी तक्रार एवढीच, की इंग्रजीत अडखळणारा पोरगा दुसऱ्या पातळीला गळतो, आणि त्याच्याशी बोलायला समोर कुणी नसतं.

अमेरिकेत ‘नायटार्प’ २००९ पासून हे उलट्या बाजूनं करतं. आधी शिक्षक घेतात. खगोलशास्त्रज्ञासोबत वर्षभर काम, प्रस्ताव लिहिणं, दुर्बिणींच्या जुन्या नोंदींतून नवा प्रश्न सोडवणं, आणि शेवटी विद्यार्थ्यांना घेऊन अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अधिवेशनात पोस्टर, तेही खऱ्या संशोधकांच्या रांगेत. माणसं थोडीच लागतात, पण ती वर्षभर टिकतात. आपल्याला संख्या मोठी लागते, तिथंच घोळ होतो.

लायगो-इंडियासाठी तर विषय आपल्या पायाखालीच आहे. हॅनफर्डच्या लायगोत एका विचित्र नोंदीचा माग काढला, तेव्हा डोमकावळे नळीवरचा बर्फ टोचताना सापडले! इथं काय सापडेल? ट्रॅक्टर, विहिरीचे सुरुंग, पावसाळा, आणि जमिनीतून येणारे ते आवाज. १० जुलै २०२४ ला सकाळी सातनंतर ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो सगळ्यांना आठवतो. अशा गोंगाटाची जाण बाहेरून येणाऱ्या शास्त्रज्ञापेक्षा इथल्या शिक्षकाला जास्त. त्याला फक्त नोंद कशी ठेवायची हे कुणीतरी सोबत बसून दाखवायला हवं.

कळमनुरीकडच्या एका सरांची वही मी पाहिली. गेली काही वर्षं जमिनीतून आवाज आला की तारीख-वेळ लिहून ठेवतात. “यात कसलं संशोधन, मॅडम?” म्हणाले. घड्याळ पाच मिनिटं पुढं असल्याचंही त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही सगळ्या नोंदींच्या वेळी नव्हतं म्हणे. आता राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीशी त्या वेळा ताडून बघायला आम्ही बसलोय. तीन पानं झालीत.