मठात लपलेला गुंड : ‘ब्रदर ऑर्किड’

वॉर्नर ब्रदर्सने १९४० साली काढलेला, लॉइड बेकन दिग्दर्शित ‘ब्रदर ऑर्किड’ हा विनोदी चित्रपट आज विस्मृतीत गेला आहे. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी तो अवश्य पाहावा, असे आम्हांस वाटते.

गुंडांच्या टोळीचा नायक लिटल जॉन सार्टो (एडवर्ड जी. रॉबिन्सन) खरी प्रतिष्ठा मिळविण्यासाठी युरोपात जातो आणि पैसा गमावून परततो. दरम्यान टोळी बळकावून बसलेला जॅक बक (हम्फ्री बोगार्ट) त्याच्या जिवावर उठतो. जखमी सार्टोला आसरा मिळतो तो फुले विकून गरिबांचे साहाय्य करणाऱ्या मठवासी बंधूंकडे.

या विनोदाच्या तळाशी गंभीर सत्य आहे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात उत्तम मोती शोधणारा व्यापारी आहे, तसाच शेतात अवचित ठेव सापडलेला मनुष्यही आहे. सार्टो निघाला व्यापाऱ्यासारखा. ठेव मात्र त्याला सापडली ती जेथे तो केवळ जीव वाचविण्यास आला होता तेथे. बंधूंनी आधी त्याची जखम बांधली. त्याचे मनःपरिवर्तन पुष्कळ नंतर झाले. कृपेचा क्रम हाच होय.

शेवट मात्र आम्हांस खटकतो. मठाची फुले बाजारात येऊ न देणाऱ्या टोळीचा बीमोड होतो तो मुष्टिप्रहारांनी. पेत्राला तलवार म्यान करावयास सांगणाऱ्या प्रभूचा येथे विसर पडला आहे. तथापि आपल्या फ्लोला दुसऱ्याशी विवाह करू देऊन सार्टो मठात परततो. ठेवीचे शेत घेण्यासाठी सर्वस्व विकावे लागते. तेही आनंदाने, हे तो गुंड दाखवून देतो.