समीकरण जुळते, पाणी मात्र कमी पडते

प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण सर्वांना पाठ असते : कार्बन डायऑक्साइडचे ६ आणि पाण्याचे ६ रेणू मिळून ग्लुकोजचा १ आणि ऑक्सिजनचे ६ रेणू. अणूंचा हिशेब जुळतो. त्याखालीच आपण लिहितो, की हा ऑक्सिजन पाण्यातून येतो. विद्यार्थ्यांनी मोजून पाहावे : पाण्यात ऑक्सिजनचे अणू ६, बाहेर पडलेले १२. मग उरलेले ६ आले कोठून?

रूबेन, केमेन व सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये ऑक्सिजन-१८ हे समस्थानिक वापरून दाखवले, की बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातलाच असतो. म्हणजे डावीकडे पाण्याचे १२ रेणू हवेत आणि उजवीकडे नव्याने तयार झालेले ६. आखूड समीकरणात ही वजाबाकी आधीच उरकलेली असते.

'सूर्यप्रकाश पाण्याचे विघटन करतो' हे वाक्यही अपुरे आहे. तसे असते तर तळ्यातले पाणीही उन्हाने फुटले असते. प्रकाश शोषते हरितद्रव्य. त्यातून इलेक्ट्रॉन निघून जातो आणि ती उणीव मँगेनीजचे ४ व कॅल्शियमचा १ अणू असलेला समूह भरून काढतो. असे ४ इलेक्ट्रॉन गेले, की त्यांची भरपाई पाण्याच्या २ रेणूंमधून होते आणि ऑक्सिजनचा १ रेणू सुटतो.

पाणवनस्पतीच्या प्रयोगात उकळून थंड केलेले पाणी घेतले, तर बुडबुडे जवळजवळ थांबतात. यावरून मुले म्हणतात, ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधूनच येतो. खरे कारण वेगळे आहे : इलेक्ट्रॉन घेणारे कोणी उरत नाही, म्हणून साखळी तुंबते. रॉबर्ट हिल यांनी १९३७ च्या सुमारास वेगळ्या काढलेल्या हरितलवकांना लोहक्षार पुरवला, तेव्हा कार्बन डायऑक्साइडच्या मदतीशिवायही ऑक्सिजन मिळाला.

बीड जिल्ह्यातील नांदूरघाटसारख्या अवर्षणप्रवण भागात हा मुद्दा परीक्षेपुरता राहत नाही. पावसाने ओढ दिली आणि कापूस कोमेजला, की समीकरण पाठ केलेला मुलगा सांगतो, 'फोडायला पाणी उरले नाही.' वस्तुतः मुळांनी शोषलेल्या पाण्याचा फार थोडा अंश या क्रियेत खर्च होतो. बहुतेक पाणी पानांतून वाफ होऊन जाते. ताण बसलेल्या पानातही फोडण्यापुरते पाणी असते. ते वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडची वाट अडते आणि वाढ खुंटते. उकळलेल्या पाण्यातल्या वनस्पतीचीही अडचण हीच होती.

तेव्हा शिक्षकांनी फळ्यावर १२ रेणूंचे समीकरण लिहावे आणि अणू मुलांकडून मोजून घ्यावेत. त्यासाठी ना उपकरण लागते, ना जादा तास.